१ लाख कोटींचा फंड आला म्हणतात, मग भाचीचे ३७ हजार का अडकतात?

मीनल_सातारकर
माझी भाची पुण्यात बायोटेकमध्ये पीएचडी करतेय, दुसरं वर्ष, सरांच्या प्रोजेक्टवर जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) आहे. पाच महिने झाले, महिन्याची ३७ हजारांची फेलोशिप नाही. मेसवाल्या काकू चांगल्या आहेत म्हणून डबा चालूय. आणि इकडे बातम्या, संशोधनाला १ लाख कोटी! जातात कुठे हे पैसे? आतलं कुणी सांगेल का, राजकारण नको प्लीज.

निळू_८८
ताई, तो डबाच वेगळा आहे. १ लाख कोटी म्हणजे आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोपक्रम) फंड, जुलै २०२५ मध्ये कॅबिनेटने मंजूर केलेला, त्यातून मुख्यतः खासगी उद्योगांना कमी व्याजाने नाहीतर बिनव्याजी लांब मुदतीचं कर्ज मिळणार. भाचीच्या सरांसारख्यांना ग्रँट देते ती एएनआरएफ, म्हणजे सरकारची संशोधन निधी देणारी संस्था, २०२३ च्या कायद्याने सर्ब या जुन्या संस्थेच्या जागी आली ती. तिथेही ५ वर्षांत ५० हजार कोटी म्हणाले खरे, पण त्यातले ३६ हजार कोटी कंपन्या, देणगीदार वगैरेंकडून येतील असं धरलंय. आहेराच्या भरवशावर हॉल बुक केल्यासारखं आहे हे.

कोथरूडकर
उद्योगांना कर्ज दिलं तर बिघडलं काय? कोरियात संशोधनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च कंपन्याच करतात, आपल्याकडे उलटं, बहुतेक भार सरकारवर आणि एकूण आकडा जीडीपीच्या ०.६४ टक्के.

पिपेटवाला
काका, मुद्दा बरोबर आहे पण लॅबमध्ये बसून बघा, पैसा कमी यापेक्षा अवेळी येतो हा ताप मोठा. आमच्या ग्रँटचा हप्ता जानेवारीच्या शेवटी आला, ३१ मार्चच्या आत संपवा नाहीतर परत, मग सगळ्यांची एकदम पळापळ. एन्झाइम मागवलं, उणे २० ला ठेवायचं असतं, कुरियरवाला शुक्रवारी संध्याकाळी गेटवर ठेवून गेला, सोमवारी थर्माकोलचा बॉक्स उघडला तर आइसपॅकचं पाणी. ४० हजार गेले. परत मागवायचं तर परत कोटेशनं. जून २०२५ मध्ये नियम जरा सैल केले म्हणा, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरूनच घ्या ही सक्ती संचालकांना बाजूला ठेवता येते, विनाकोटेशन खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली, ते खरंच बरं झालं. पण फेलोशिपला त्याचा काय उपयोग.

मीनलताई, भाचीला एवढंच विचारायला सांगा, गेल्या वर्षीची यूसी गेली का? यूटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे मिळालेले पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला. ते वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि त्याच हप्त्यातून तिचा पगार.

मीनल_सातारकर
विचारलं. यूसी तयार आहे, अकाउंट्सच्या टेबलावर दोन महिने पडलीय, एक सही राहिलीय. सहीवाले साहेब रजेवर 🙏