लोअर केलेल्या गाडीवर ताणून बसवलेले टायर: माझा ठाम विरोध

ईटी४५:
गाडी लोअर करायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, माझी अजिबात हरकत नाही. पण टायर मडगार्डला घासतो म्हणून अरुंद टायर रुंद रिमवर ताणून चढवायचा, हे मला पटत नाही. २२५/४० आर१८ ला (२२५ मिमी रुंद, १८ इंची रिमचा टायर) साडेसात ते नऊ इंच रुंदीची रिम चालते. लोक तोच टायर दहा इंचांवर चढवतात. साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तिरकी होते, रिमची कड उघडी पडते आणि हवा थोडी कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं की बीड (रिमला घट्ट बसणारी टायरची कड) सुटून टायरमधली हवा एका दमात जाते. वळणावर हे झालं तर?

कडेला_कड:
नऊ इंचांवरचा २२५ सुद्धा थोडा ताणलेलाच दिसतो, आणि तो तर मर्यादेत आहे ना? साइडवॉल कमी लवचिक झाली की स्टिअरिंगला गाडी लगेच प्रतिसाद देते. आणि फुगीर टायर मडगार्डच्या कडेवर घासून कापला जातो, ते सुरक्षित का?

ईटी४५:
नऊला माझी ना नाहीच. पण घासण्याचं मूळ बहुतेक वेळा ऑफसेटमध्ये (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेर आहे; हाच ईटी आकडा) असतं, टायर उगाच बदनाम होतो. मूळ रिम ७ इंच, ईटी ४५ धरा. ८ इंच, ईटी ३५ लावली की बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते, आतली जेमतेम २.७ मिमी आत जाते. तीच ८ इंची ईटी ४५ मध्ये घेतली तर दोन्हीकडे १२.७. आत स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या दांड्यापाशी) तेवढी जागा आहे का, हे आधी बघा. स्प्रिंग काढा, जॅकने चाक बंप स्टॉपला (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत उचला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. गाडी नुसती उभी असताना बोट घालून जागा बघण्यात काही अर्थ नाही.

टॉर्करेंच:
लोड इंडेक्सबद्दल (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) कुणीच बोललं नाही. मूळ टायर ९१ चा, म्हणजे ६१५ किलोचा असेल आणि नवा ८८ चा घेतलात, तर एका टायरमागे ५५ किलो क्षमता गेली. त्याच मापात ९२ एक्सएल (जास्त भार पेलणारा) मिळतो, ६३० किलोचा. तोच घ्या. आणि रिमचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) मोठं असेल तर सेंटरिंग रिंग हवीच, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

स्टॉकच_बरी:
मुळात लोअर कशाला करायची? चाकं वरून आत झुकतात, टो (चाकांची पुढची बाजू आत-बाहेर वळण्याचा कोन) बिघडतो. बाहेरून टायर नवाकोरा आणि आतल्या कडेला तारा उघड्या, असे टायर मी पाहिलेत.

टॉर्करेंच:
अहो, तो दोष अलाइनमेंट न करण्याचा. लोअर केल्यावर टो जुळवून घेतला तर नुसत्या थोड्या कॅम्बरने (चाकाच्या आत झुकण्याने) टायर इतक्या लवकर जात नाही.

कडेला_कड:
दहा इंचांचा हट्ट सोडला. पण ईटी ३५ च घेणार; रिम मडगार्डच्या कडेशी आली पाहिजे. मडगार्डची आतली कड हीटगनने तापवून दुमडून घेईन, म्हणजे रंगही सहसा तडकणार नाही.

ईटी४५:
चालेल, पण मागे तीन माणसं बसवून आणि डिकी भरून बघितल्याशिवाय कड दुमडायला घेऊ नका.