मदत हवी आहे: पत्रे टाकल्यापासून माळ्याची भट्टी झालीये, टर्बो व्हेंटिलेटर बसवू का?

कोकमसरबत

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा.

घर दापोली तालुक्यात, समुद्राजवळ. जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी मंगलोरी कौलं उडाली, उरलेली वानरांनी नाचून फोडली, शाकारायला माणूस मिळेना, मग गावात निम्म्यांनी केलं तेच आम्ही केलं, लोखंडी सांगाडा आणि वर कलरकोटेड पत्रे. खालचा फळ्यांचा माळा तसाच ठेवला. आढं, म्हणजे छपराची वरची कड, पूर्व-पश्चिम आहे, दोन्ही टोकांच्या भिंतींच्या त्रिकोणात आधी लाकडी जाळी होती, ती फॅब्रिकेटरने "वटवाघळं येतात हो" म्हणून पत्र्याने बुजवली आणि वळचणीच्या फटीही सिमेंटने भरून टाकल्या. काम दिसायला एकदम चकाचक.

आता एप्रिल-मेमध्ये दुपारी माळ्यावर दोन मिनिटं उभं राहवत नाही. रात्री जेवणं उरकल्यावरही फळीला खालून हात लावला तर कोमट लागते, आणि माजघरातला पंखा नुसती गरम हवा फिरवतो. आईबाबा तिथेच झोपतात म्हणून काळजी. आंब्याची अढी दरवर्षी माळ्यावर असायची, पत्रे आल्यावर आंबे पिकायच्या ऐवजी देठाशी शिजल्यासारखे झाले, आता अढी पडवीत.

थंडीत वेगळीच गंमत. पहाटे टॉर्च घेऊन वर गेलं की पत्र्याच्या आतून बारीक बारीक थेंब, ते उतारावरून घरंगळत येतात, लोखंडी पट्टीपाशी अडतात आणि तिथून टपटप खाली, त्यामुळे फळ्यांवर पट्टीच्या बरोब्बर खाली काळ्या डागांची रांग पडलीये. सगळे म्हणतात पत्रा गळतोय, स्क्रू घट्ट करून घ्या. अहो पण डिसेंबरात पाऊस कुठला?

माळा साधारण ३० बाय ३० फूट. एकाने पाख्यांच्या, म्हणजे छपराच्या उतारांच्या, मधोमध २४ इंची चार टर्बो व्हेंटिलेटर सुचवलेत, ते फिरणारे घुमट असतात ते. पावसात पाणी आत येईल का, वादळात उडतील का, आणि मुळात फरक पडतो का? कोणी घरावर बसवलेत का? एसी लावा सांगू नका, आमच्याकडे वीज किती वेळ असते ते माहितीये.

एडिसनवाला

आमच्या न्यू जर्सीत घराघरात अ‍ॅटिक, त्यामुळे या विषयावर शेजारी तासभर बोलतात. इथल्या बांधकामाच्या कोडचा ढोबळ नियम असा की माळ्याच्या दर १५० चौरस फुटांना हवा खेळायला १ चौरस फूट मोकळी जागा हवी, आणि ती वरती आणि खाली जवळपास निम्मी निम्मी वाटली तर ३०० ला १ चालते. तुमचे ९०० चौरस फूट म्हणजे एकूण ३ ते ६. वर गरम हवा जायला वाट आणि खाली वळचणीला गार हवा यायला वाट, दोन्ही पाहिजेत. तुमची खालची वाट तर सिमेंटने बंद! घुमट लावलेत तर ते फळ्यांच्या फटीतून खालच्या खोल्यांतली हवा ओढत बसतील.

सुतारपक्षी

एडिसनवाल्यांचं गणित बरोबर आहे पण आपल्याकडचा नैऋत्येचा झडीचा पाऊस त्यांच्याकडे नाही. मी गुहागरकडे छपराचीच कामं करतो, म्हणून सांगतो.

चार कशाला? २४ इंची एका घुमटाचं तोंड ३ चौरस फुटांचं असतं, फार तर दोन बसवा. पण खालून हवा नसेल तर चाळीस लावलेत तरी नुसते फिरताना दिसतील. आधी छिन्नी घेऊन वळचणीचं सिमेंट काढा. दोन्ही वळचणी ३०-३० फूट, एक इंच सलग फट ठेवली तरी ५ चौरस फूट होतात. पत्रा भिंतीबाहेर दीड-दोन फूट आलेला असेल तर तिथून पाऊस आत येत नाही. पूर्वेचा त्रिकोण उघडा, पश्चिमेचा बंदच राहू दे, नाहीतर जुलैत माळ्यावर होडी चालवाल.

पाख्याच्या मधोमध भोक पाडू देऊ नका. घुमट आढ्याला लागून हवा, आणि त्याच्या बैठकीच्या पत्र्याची वरची कड आढ्यावरच्या रिजच्या पत्र्याखाली सरकवायची, म्हणजे वरून येणारं पाणी बैठकीवरून वाहून जातं. मधोमध बसवलेला सिलिकॉनच्या भरवशावर राहतो आणि सिलिकॉन उन्हाने तडकतं. भोक पत्र्याच्या कातरीने पाडायला लावा, ग्राइंडर नको, ठिणग्यांनी कोटिंग जळतं आणि तिथूनच गंज धरतो. खाऱ्या हवेत घुमट अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या, आणि बैठक नुसत्या पत्र्याला नाही, खालच्या लोखंडाला बोल्टने बांधा.

माजघर

थेंबांबद्दल. ती गळती नाही. थंडीत आभाळ निरभ्र असलं की रात्री पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतो आणि कोंडलेल्या हवेतली वाफ त्याला चिकटते. कौलं थोडं पाणी पिऊन घेतात, शिवाय त्यांच्या फटींतून हवा खेळते, म्हणून आधी दिसत नव्हतं. स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची वाफ माळ्यावर जाते का बघा.

आणि एक, नुसत्या हवेने सगळं भागणार नाही. तापलेला पत्रा इस्त्रीसारखी धग खाली फेकतो, ती वाऱ्याने जात नाही. पत्र्याखाली चकचकीत फॉइलची शीट लावा, मध्ये इंचभर पोकळी सोडून. नाहीतर वरून पांढरा रंग.

कोकमसरबत

सगळ्यांचे आभार! न्हाणीघराला छतच नाही, बंबाची सगळी वाफ सरळ माळ्यावर जाते, हे डोक्यातच आलं नव्हतं. आधी वळचण आणि पूर्वेचा त्रिकोण मोकळा करतो, बंबावर फळ्या मारून वाफ भिंतीतून बाहेर काढतो, मग पावसाआधी एकच घुमट आणि फॉइल. पण जाळी कुठली? वटवाघळं, उंदीर, आणि मागे एकदा धामण पण निघालीये.

सुतारपक्षी

स्टीलची पाव इंची वेल्डेड जाळी, लोखंडी नको. बारीक मच्छरजाळी वापरलीत तर धुळीने आणि कोळिष्टकांनी बुजते. जाळीच्या तारा पण जागा खातात, म्हणून फट एकऐवजी दीड इंच धरा.