अंजिराची काडी घरात ग्लासात रुजवावी की अंगणात पिशवीत?

परसबाग (आर्वी, जि. वर्धा)

अंजिराची छाट कलमे घरात, पारदर्शक ग्लासांत आणि झाकणाच्या प्लास्टिक डब्यात रुजवणे ही शहरी हौस आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. विदर्भात ती गरज आहे, असे माझे मत आहे. अंजीर थंडीत पाने गाळून विसावते, तेव्हा काडीत अन्नसाठा भरपूर असतो, म्हणून छाट घेण्यास डिसेंबर-जानेवारी उत्तम. परंतु नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि मुळ्या फुटण्यासाठी २२ ते २६ अंशांची ऊब लागते. ही ऊब अंगणातील पिशवीला मिळत नाही, स्वयंपाकघरातील फळीला मिळते.

पद्धत साधी आहे. पेन्सिलीहून थोडी जाड, तीन-चार डोळ्यांची (कोंब फुटतात त्या गाठींची) काडी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा आणि चीक वाळू द्यावा. ग्लासाच्या तळाला भोके पाडून त्यात धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (खनिजाचे फुगवलेले हलके पांढरे दाणे) भरावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखादा थेंब सुटावा, इतकाच ओलावा असावा, कारण काड्या तहानेने मरत नाहीत, पाण्याने कुजतात. ग्लास झाकणाच्या डब्यात, थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवले, तर बहुधा तीन-चार आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या ग्लासाच्या भिंतीला टेकलेल्या दिसतात. पिशवीत ते दिसत नाही आणि मग माणूस अधीर होऊन काडी उपसून पाहतो.

वरूडचा बागायतदार

ताई, आपली मांडणी नीट आहे, पण मूळ गृहीतक मला मान्य नाही. अंजीर हे वड-उंबराच्या कुळातले झाड असून त्याची काडी मुळ्या धरण्यात मुळीच हट्टी नाही. ज्या काडीला लाड लागत नाहीत, तिला डब्यात कोंडून आपण नाजूक करतो. बंद डब्यातील दमट हवेत वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पानाची छिद्रे वेळेवर मिटत नाहीत. असे रोप मार्चमध्ये तयार होते आणि एप्रिल-मेमध्ये त्याला ४४-४५ अंशांना सामोरे जावे लागते. रुजण्याचे यश तुम्ही फेब्रुवारीत मोजता. मी ते जूनमध्ये मोजतो.

माझा पर्याय असा आहे. काड्या जानेवारीतच काढाव्यात, किंचित ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि पावसाळा बसल्यावर पिशव्यांत लावाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा विदर्भच झाकणाचा डबा असतो. वेगळा विकत कशाला आणायचा?

धानपट्टा (भंडारा)

दोघांचेही अर्धे पटले. पावसाळ्यातील दमटपणा फुकट मिळतो हे खरे, पण त्याच्यासोबत अंजिराचा तांबेराही (पानांवरचा बुरशीचा रोग) फुकट येतो आणि कोवळे पान त्याला लवकर बळी पडते. शिवाय बहुतेक जण पिशवीत शेतातील काळी माती भरतात. संततधारेत ती निचरा होऊ देत नाही, त्यामुळे काडीचा खालचा काप काळा पडून सालीखाली सडतो.

परलाइट तालुक्याला मिळत नसेल, तर आमच्याकडे राइस मिलमधून निघणारा धानाचा तूस अर्धवट जाळून वापरता येतो. तो हलका असतो, हवा खेळती ठेवतो. फक्त त्याची पूर्ण पांढरी राख होऊ देऊ नये, कारण ती क्षारयुक्त असते. जळका तूस आणि नदीची धुतलेली जाडसर वाळू यांवर कोकोपीटच्या निम्म्या खर्चात काम भागते.

परसबाग

वरूडकर भाऊ, उन्हाळ्याचा मुद्दा मी टाळत नाही. तथापि जो दोष तुम्ही डब्याच्या माथी मारता, तो डबा घाईने उघडण्याचा आहे. काडी आपल्या साठ्यावर आधी पाने काढते आणि मुळ्या मागून येतात. बंद डब्यात ती पाने मुळ्यांविनाही टवटवीत दिसतात, म्हणून लोक फसतात, झाकण काढतात आणि दोन दिवसांत सगळे माना टाकते. मुळ्या डोळ्यांनी दिसेपर्यंत झाकण हलवू नये, त्यानंतर आठ-दहा दिवस ते रोज थोडे अधिक उघडे ठेवावे आणि पुढचा उन्हाळा रोपाने मोठ्या पिशवीत, हिरव्या जाळीखाली काढावा. जमिनीत लागवड पावसाळ्यातच करायची, यात आपला वाद नाही. फरक इतकाच की माझे रोप तेव्हा पाच महिन्यांचे असेल आणि तुमची काडी तेव्हा कुठे फ्रीजमधून बाहेर येईल.

आणि फ्रीजविषयी सांगायचे, तर गावात दिवसाचे काही तास वीज नसते. काड्या गार-गरम होत राहिल्या की बुरशी तिथेच धरते.

माळरान (यवतमाळ)

गुटी कलम का कोणी बोलत नाही? झाडावरच साल काढून, ओले शेवाळ बांधून मुळ्या आणाव्यात. ना ग्लास, ना डबा.

धानपट्टा

गुटी उत्तमच, पण त्यासाठी झाड आपल्या दारात हवे. पुरंदर भागातून कोणी ओळखीच्याने छाटणीच्या काड्या पिशवीत घालून एसटीने पाठवल्या, तर त्यांची गुटी बांधता येत नाही.

काड्या आणताना एक पथ्य पाळावे. पानांवर पिवळे चट्टे असलेल्या झाडाची काडी घेऊ नये, कारण मोझॅक विषाणू काडीबरोबरच येतो आणि नंतर त्यावर औषध नाही. तसेच परदेशी नावांच्या काड्यांचा मोह आवरावा. पुणे अंजिराला फळ धरण्यासाठी परागण करणाऱ्या माशीची गरज नसते, पण स्मर्ना प्रकाराला असते; तो लावला तर झाड वाढेल आणि कच्ची फळे गळत राहतील.

वरूडचा बागायतदार

झाकण हळूहळू उघडण्याची शिस्त पाळणाऱ्याचे रोप टिकेल, हे मी मान्य करतो. पण ती शिस्त पाळणार कोण? फेब्रुवारी म्हणजे तुरीची मळणी, हरभऱ्याची काढणी आणि संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी. त्या गर्दीत रोज झाकणे पुसणे आणि ग्लासांतली चिलटे पाहणे कोणाच्याही घरी होत नाही. दुसरे असे की ५ बाय ५ मीटरवर लागवड केली, तर एकराला १६० झाडे लागतात. मर धरून दोनशे ग्लास फळीवर मांडले, तर घरच्यांनी स्वयंपाक कुठे करायचा?

परसबाग

एकरभर बागेसाठी मीही ग्लास सुचवणार नाही. त्यांनी खात्रीच्या रोपवाटिकेतून रोपे आणावीत. माझे म्हणणे विहिरीजवळ किंवा परसात आठ-दहा झाडे लावू पाहणाऱ्यांसाठी आहे आणि तेवढे ग्लास एका डब्यात मावतात. चिलटांसाठी कपाशीत लावतो तोच पिवळा चिकट सापळा कापून डब्याशेजारी उभा करावा.

वरूडचा बागायतदार

आठ-दहा झाडांपुरते असेल, तर डब्याला माझी हरकत नाही. मार्चमधील रोप हिरव्या जाळीखाली तगते, हे मात्र मला अजून पटलेले नाही. जाळी ऊन अडवते, गरम वारा अडवत नाही. पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा केल्याशिवाय ती पाने मे महिना पाहणार नाहीत.