मंचरजी भावनगरी नुसते 'होयबा' होते का?

चिरेबंदी: ज्या १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई नौरोजी पडले, त्याच निवडणुकीत मुंबईचा दुसरा पारशी ब्रिटिश पार्लमेंटात गेला, तोही टोरींकडून, म्हणजे हुजूर पक्षाकडून! मंचरजी भावनगरी. मतदारसंघ बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्ट, म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडातली कामकऱ्यांची वस्ती. समोर एके काळी गवंडीकाम केलेले कामगार पुढारी जॉर्ज हॉवेल. १६० मतांनी जिंकले, १९०० मध्ये पुन्हा. दादाभाईंना दुसऱ्यांदा निवडून येणं जमलं नाही, यांना जमलं. तरी आपल्याकडे त्यांची ओळख एकच, इंग्रजांचे होयबा. मला हे पटत नाही.

वाडेकर_पुणे: न पटायला काय झालं? काँग्रेसच्या मागण्यांना विरोध करणारा हिंदी माणूस टोरींना आयता मिळाला. १८९७ मध्ये 'सर' झाले ते उगीच नाही. भावनगर संस्थानची एजंटगिरी केलेला गृहस्थ, दरबारी रीत अंगात मुरलेली. जिंकणं हा गुण असेल, पण कोणासाठी जिंकले ते बघा की.

चिरेबंदी: दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी सभागृहात सतत प्रश्न कोण विचारत होतं? गांधी तिथून माहिती पाठवत, हे ती मांडत. आणि वसाहत खात्याचा मंत्री कोण? चेंबरलेन, यांच्याच बाजूचा. आपल्याच सरकारला अडचणीत आणणाऱ्याला होयबा म्हणत नाहीत.

वाडेकर_पुणे: प्रश्नांनी झालं काय? नाताळ, ट्रान्सवाल या तिथल्या वसाहतींमधले जाचक कायदे तसेच राहिले.

सहज_वाचक: वाडेकर, हाच निकष दादाभाईंना लावणार का? १८९३ मध्ये आयसीएसची परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव सभागृहात मंजूर झाला, सरकारने तो गुंडाळून ठेवला. तिथे मात्र आपण सरकारला दोष देतो.

वाडेकर_पुणे: दादाभाई मागत होते ते देशासाठी. भावनगरींना परदेशातल्या हिंदी माणसाचे हक्क दिसले, घरच्याला कारभारात वाटा हवा म्हटलं की हे आडवे. तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला, ते चांगलंच केलं. पण राजकीय हक्कांचं काय?

चिरेबंदी: हा मुद्दा मान्य, तिथे ते चुकलेच. पण १९०६ च्या लिबरल लाटेत त्यांची जागा गेली, आणि त्याच वर्षी गांधी लंडनला आले तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी नोव्हेंबरात वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिनकडे गेलेल्या शिष्टमंडळात हे होते. सोबत दादाभाई! खासदारकी गेलेल्या, किताब आधीच मिळालेल्या माणसाला त्यातून काय मिळणार होतं?

वाडेकर_पुणे: त्या शिष्टमंडळाचे पुढारी सर लेपेल ग्रिफिन होते, काँग्रेसचे कट्टर टीकाकार. तेव्हा शिष्टमंडळात कोण होतं यावरून कोणाचंच राजकारण ठरवू नका.