एटीव्ही घेतोय: गिअर पायाने की बटणाने? आणि विंच, लाइट वगैरे आधी काय लावू?

मंडळी, मदत हवी आहे. गेले दोन महिने हाच विषय डोक्यात आहे, घरातले लोक आता मी तोंड उघडलं की उठून जातात, म्हणून इथे विचारतोय.

जुनी होंडा रँचर ४२० (चार जाड टायरांची, बाइकसारखी बसून चालवायची एटीव्ही) घ्यायची एवढं पक्कं झालंय. समोर दोन गाड्या आहेत, दोन्हीची अवस्था साधारण सारखी, दोन्ही फोर बाय फोर. फरक एवढाच की एक फूट शिफ्ट आहे आणि दुसरी इलेक्ट्रिक शिफ्ट, म्हणजे डाव्या मुठीजवळ वर-खाली बाणाची दोन बटणं. एकजण म्हणतो बटणवाली म्हणजे दुखणं विकत घेणं, सेन्सर गेला की बसा जंगलात. दुसरा म्हणतो मी दहा वर्षं वापरतोय, काही होत नाही. आता कुणाचं ऐकू?

माझा वापर असा: चढ-उताराची जमीन, पावसाळ्यात चिखल, मागच्या रॅकवर फवारणीची टाकी, कधीतरी लाकडं ओढायची, आणि सुटीच्या दिवशी जरा भटकंती. एक गोष्ट सांगायची राहिली, माझा डावा घोटा पूर्वी मोडलाय, चालताना त्रास नाही पण पंजा वर उचलायला लागला की कळ येते.

अॅक्सेसरीजमध्ये विंच (दोरी गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारी मोटर), पुढे एलईडी बार, गरम होणाऱ्या मुठी (पहाटे बोटं गोठतात), खाली स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा), आणि जमलं तर जरा मोठे टायर, असं सगळं डोक्यात आहे. एकदम लावू की हळूहळू? आणि मॅन्युअलला क्लच लिव्हर असतो ना, तो चढावर त्रास देतो का? हसू नका, बाइक सोडून काही चालवलेलं नाही.

चिखलगाडी:
हसत नाही, पण क्लच लिव्हर दोन्हीत नाही. दोन्हीला सेंट्रीफ्युगल क्लच आहे, रेस वाढली की आपोआप पकडतो, आणि गिअर बदलताना जो क्लच सुटतो तो शिफ्टच्या दांड्यासोबतच सुटतो. पाच गिअर पुढे, एक रिव्हर्स, आतली पेटी जवळपास तीच. पायाच्या जागी एक छोटी मोटर तो दांडा फिरवते, एवढंच इलेक्ट्रिक शिफ्ट. होंडाने हे १९९८ मध्ये फोरमन ४५० वर आणलं, म्हणजे काल-परवाचा प्रयोग नाही.

फूट शिफ्टचा एक फायदा मात्र खरा आहे. पायाचा गिअर लिव्हर दाबून धरला की क्लच सुटलेला राहतो, त्यामुळे खड्ड्यातून गाडी मागे-पुढे झुलवत काढता येते. बटणाला हे जमत नाही, ते दाबलं की गिअर पडतो, विषय संपला. पण चढावर लिव्हर दाबून धरायची सवय लावू नका, इंजिनचा अडसर गेला की गाडी मागे सुटते आणि ती सुटली की तुमच्या अंगावर येते.

खुरपं:
घोटा मोडलाय म्हणताय आणि वर विचारताय कुठली घेऊ? रँचरला न्यूट्रल तळाला आणि पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर पंजा लिव्हरखाली घालून वर उचलायचे. त्यात पायात गमबूट, त्यावर चिखलाचा थर, तो बूट लिव्हरखाली जातच नाही. टाकी घेऊन चढ-उतार म्हणजे तासाला शंभरदा शिफ्ट. चार दिवसांत घोटा बोलायला लागेल. बटणवाली घ्या, मोकळे व्हा.

धागालेखक:
पटतंय, पण मग ते बंद पडलं तर? डॅशवर गिअरच्या जागी नुसती रेघ लुकलुकते आणि गिअर हलत नाही, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. भीती तीच आहे.

चिखलगाडी:
रेघ लुकलुकली की लोक लगेच अँगल सेन्सर (शिफ्टचा दांडा किती फिरला ते मोजणारा) नाहीतर मोटर बदलायला धावतात. आधी बॅटरी बघा हो! व्होल्टेज पडलं की मोटरला दांडा पूर्ण फिरवता येत नाही, कंट्रोलर गोंधळतो आणि हात वर करतो. बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर आणि कनेक्टरमधला चिखल, हे साफ करून किल्ली बंद-चालू करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आणि अगदीच अडलं तर इंजिनच्या डाव्या बाजूला शिफ्ट स्पिंडलचं, म्हणजे त्याच दांड्याचं, टोक असतं, त्यावर पाना लावून हाताने गिअर टाकता येतो. तो पाना गाडीच्या टूलकिटमध्ये येतो. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, पाना आहे का? नव्वद टक्के मालक म्हणतील, कसला पाना?

बॅटरी मेली तर फूट शिफ्टवाला घरी पोचेल असंही समजू नका. इंजेक्शनची गाडी आहे, पेट्रोल पंपालाच करंट लागतो.

म्हणून तुमचा खरा प्रश्न अॅक्सेसरीजचा आहे. तुम्ही त्याच एका बॅटरीवर विंच, बार आणि मुठी टांगणार आहात, आणि गिअरही तिच्याच जिवावर. हिशोब साधा आहे, वॉटला बाराने भागा. ६० वॉटचा बार म्हणजे ५ अँपिअर, ३६ वॉटच्या मुठी म्हणजे ३. हे गाडी चालू असताना निभतं. पण पहाटे मुठी, बार, हेडलाइट सगळं लावून कासवाच्या गतीने फिरलात तर कमी रेसवर चार्जिंग कमी आणि खर्च जास्त. विंच तर भरल्या ओढीला शंभरच्या आसपास अँपिअर खाते, ते अल्टरनेटर देऊच शकत नाही, बॅटरीतून जातं. म्हणून विंच वापरताना इंजिन चालू, रेस थोडी वर, आणि मध्ये मध्ये थांबायचं.

तेव्हा सगळ्यात आधी लावायची वस्तू म्हणजे व्होल्टमीटर. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवं. मग विंच, तिची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही थेट बॅटरीवर. बार आणि मुठी किल्लीवर चालणाऱ्या रिलेतून (विजेवर चालणारा स्विच), प्रत्येकाला वेगळा फ्यूज. किल्ली काढली की हे दोन्ही मेलं पाहिजे.

खुरपं:
विंच २५०० पौंडाची पुरे. गाडी, तुम्ही आणि सामान मिळून सव्वाचारशे किलो धरा, त्याच्या दीडपट साडेसहाशेच्या आत. २५०० पौंड म्हणजे अकराशे किलोच्या वर, म्हणजे चिखलाची पकड धरूनही हाताशी आहे. फक्त ती पूर्ण ताकद ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराला मिळते, दोरी जितकी जास्त सोडाल तितकी जास्त. सिंथेटिक दोरी घेतलीत तर रोलर नको, गुळगुळीत अॅल्युमिनियमचा हॉज (दोरी बाहेर येते तिथली गोल कडांची पट्टी) घ्या, स्टीलच्या तारेने ओरखडलेला रोलर दोरी कापतो.

मोठे टायर विसरा. २४ इंचीवर गाडीचं गिअरिंग बसलंय, मोठे घातले की पहिला गिअर उंच होतो, म्हणजे ओढ कमी होते, भरलेल्या टाकीने चढताना क्लच तापतो. हवा मात्र लो प्रेशर गेजने बघा, चार पीएसआयच्या आसपासचा खेळ आहे, ट्रकवाल्याचा गेज तिथे आंधळा असतो.

आणि टाकी किती लिटरची? पाणी लिटरला किलो. रॅकवर वजनाच्या मर्यादेचा स्टिकर असतो तो वाचा, आणि अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा जास्त हिंदकळते, आडव्या उतारावर जपून.

धागालेखक:
टाकी शंभर लिटरची बघून ठेवली होती, आत्ताच स्टिकर वाचून आलो, ती गेली. लहान घेतो.

बटणवाली ठरली. आज मालकाला पाना विचारला, तो म्हणाला "कसला पाना?" सीटखाली शोधायला सांगितलंय. बॅटरी पण त्याच्याच समोर तपासतो. आता एकच राहिलं, व्होल्टमीटर हँडलवर लावला तर पाणी जातं का आत, कुणी लावलाय का?

चिखलगाडी:
लावलाय. सीलवाला घ्या आणि मागच्या वायरींना ग्रीस फासा. प्रेशर वॉशर त्याच्यावर धरू नका, गिअरच्या बटणांवर तर मुळीच नको.