काल्पनिक जगातील भाडोत्री पथकाची बदनामी पटण्याजोगी कशी रंगवावी?

शंकासुर :
मी एका काल्पनिक जगात घडणारी कादंबरी लिहीत आहे. तिच्या केंद्रस्थानी सुमारे तीनशे जणांचे भाडोत्री पथक असून त्यात माणसांखेरीज इतर वंशांचे योद्धे आणि दोन मांत्रिकही आहेत. या पथकाने घेतलेला करार आजवर कधीही मोडलेला नाही, तरीही ते जिथे जाते तिथे वेशीचे दरवाजे बंद होतात, असे मला दाखवायचे आहे. अडचण अशी, की हस्तलिखित वाचणाऱ्यांना हा तिरस्कार ओढूनताणून आणलेला वाटतो. प्रत्येक गावात तेच टोमणे, तेच थुंकणे, आणि पथकातले सगळे मात्र धुतल्या तांदळासारखे. लोकांचा पूर्वग्रह सकारणही वाटावा आणि अन्याय्यही, यासाठी पथकाच्या माथी एखादे जुने पाप मारणे एवढाच मार्ग आहे का?

जुनी बखर :
पापाचा विचार करण्यापूर्वी या पथकाला पगार कोण देतो आणि दोन करारांच्या मधल्या काळात ही तीनशे पोटे कशावर भरतात, हे ठरवावे. भाडोत्री फौजांची बदनामी रणांगणापेक्षा या रिकाम्या काळातच अधिक झाली आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १३६० साली तह झाला, तेव्हा काम संपलेल्या अनेक टोळ्या घरी परतल्याच नाहीत. त्यांनी फ्रान्सचा मुलूख लुटला आणि त्यांतल्या काही पुढे इटलीत उतरल्या. पेंढाऱ्यांनाही नियमित पगार नसे, लूट हेच त्यांचे वेतन. पण ज्या सरदारांना अशी बिनपगारी फौज सोयीची वाटे, त्यांच्यापेक्षा पेंढाऱ्यांचेच नाव जास्त खराब झाले.

जॉन हॉकवूड या इंग्रज सेनानायकाचे उदाहरण आपल्याला विशेष उपयोगी पडेल. त्याने आपल्यावर चाल करू नये म्हणून फ्लॉरेन्सने १३७५ साली १,३०,००० फ्लोरिन मोजले. १३७७ साली पोपचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनल रॉबर्टच्या हुकमावरून चेझेना शहरात हजारो नागरिकांची कत्तल झाली, आणि तिच्यात हॉकवूडची माणसे होती. त्याच वर्षी तो पोपविरोधी आघाडीला मिळाला. पुढे तो फ्लॉरेन्सचा सेनापती झाला, १३९४ साली वारला तेव्हा त्या शहराने त्याला मोठ्या इतमामाने निरोप दिला, आणि १४३६ साली पाओलो उच्चेल्लोने तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीवर त्याचे अश्वारूढ चित्र रंगवले. हुकूम देणारा कार्डिनल तर १३७८ सालीच प्रतिस्पर्धी पोप म्हणून गादीवर बसला होता. आपल्या कथेतही एका शहरात पथकाचे तोरणे बांधून स्वागत व्हावे आणि दोन दिवसांच्या वाटेवरच्या दुसऱ्या शहरात त्याच झेंड्याकडे पाहून बायकांनी मुलांना घरात ओढावे. दोन्ही शहरांचे म्हणणे खरे असले, म्हणजे झाले.

अर्धविराम :
वरील मताशी मी निम्माच सहमत आहे, कारण पाप पथकाचे स्वतःचे असण्याची मुळात गरजच नाही. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारदी आपल्या तोफखान्यासह अखेरपर्यंत लढला आणि त्यापायी प्राणाला मुकला. पण गारदी म्हटल्यावर आपल्याला आधी आठवतो तो १७७३ मधला नारायणराव पेशव्यांचा खून. ज्यांचा त्या खुनाशी सुतराम संबंध नव्हता, त्यांच्याही कपाळी तो डाग लागला. आपल्या पथकातल्या मांत्रिकांच्या बाबतीत तर हे फारच सहज घडेल. कुठल्या तरी भलत्याच टोळीने एखादे गाव जाळलेले असावे आणि गावकऱ्यांना दोन टोळ्यांमधला फरक ठाऊक नसावा. तो त्यांना ठाऊक असावा तरी का?

तिसरा प्रहर :
टोमणे काढून टाका. घाबरलेले लोक सशस्त्र माणसांना तोंडावर टोमणे मारत नाहीत, ते अदबीने खोटे बोलतात. पथकाचा तळ पडण्याआधीच विहिरीवरचा दोर आणि पोहरा नाहीसा झालेला असतो. सरायवाला आधीच्या गिऱ्हाईकाचे नाणे न पाहताच गल्ल्यात टाकतो, आपल्या नायकाचे मात्र दगडावर आपटून नाद ऐकतो, आणि वर हसून विचारपूसही करतो. गावचा मुखिया हात जोडून सांगतो की धान्य संपले आहे. कोठाराच्या दाराला लिंपलेली माती अजून ओली आहे, हे रसद पाहणाऱ्या कारभाऱ्याला दिसते, पण तो काही न बोलता दीडपट भाव देऊ करतो. अशा वेळी पथकाच्या सभ्यतेचाही गावाला संशयच येईल, कारण एवढा पैसा यांच्याकडे आला कुठून, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडेल.

शंकासुर :
आपणा सर्वांचे आभार. ओल्या मातीचा प्रसंग मी माझ्या पद्धतीने वापरीन. आता एकच शंका उरते : पथकाची नायिका ही बदनामी धुऊन काढण्यासाठी धडपडते, असे माझे सध्याचे कथानक आहे. ते टिकेल का?

जुनी बखर :
मला ते कच्चे वाटते. ज्या पथकाच्या नुसत्या नावाने गढीचे दरवाजे लढाईविना उघडतात, त्याच्या नायिकेला ते नाव निर्मळ करून परवडणार नाही. तिचा भाव त्या दहशतीवरच ठरतो. त्या दहशतीची किंमत मात्र शिपाई मोजतात. त्यांना गावात मुलगी मिळत नाही, जखमी सोबत्याला कोणी ओसरीवर घेत नाही, म्हातारपणी जमिनीचा तुकडा विकत घ्यायला गेले तर विकणारा भेटत नाही. आपल्याच दुष्कीर्तीचा फायदा घेणारी नायिका आणि तिच्यामुळे कुठेच ठाव न मिळणारे तिचे लोक, हा तंटा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच पेटू द्या. मग गावकऱ्यांचे प्रसंग निम्मे कापले तरी चालेल.