थेंबातलं फूल : प्रतिबिंब की प्रतिमा?

मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. पाण्याच्या थेंबामागे फूल ठेवायचं आणि मॅक्रो लेन्सने त्या थेंबाचा फोटो काढायचा, हा छंद मला दोन पावसाळ्यांपासून जडला आहे. गवताच्या पात्याला लोंबणाऱ्या ३ मिलिमीटरच्या थेंबात अख्खं जर्बेरा मावतं, एकेका पाकळीसकट. सोसायटीच्या गणेशोत्सवात हे फोटो मांडायचे आहेत आणि खालची ओळ मराठीतच हवी आहे. मी लिहिलं होतं, 'थेंबात पडलेलं फुलाचं प्रतिबिंब'. दहावीतला भाचा म्हणाला, "मावशी, हे प्रतिबिंब नाही, अपवर्तन आहे." पण फोटोखाली 'फुलाचं अपवर्तन' कसं लिहू? वाचणारा पुढे निघून जाईल.

* * *

ताई, भाचा बरोबर सांगतोय. फुलाकडून निघालेला प्रकाश थेंबात शिरताना वळतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. ही क्रिया म्हणजे अपवर्तन. तिच्यामुळे जे दिसतं ती प्रतिमा. तेव्हा 'थेंबातली फुलाची प्रतिमा' लिहा.

याच क्रियेला आम्ही शाळेत वक्रीभवन म्हणायचो. मराठी विश्वकोशात प्रणमन आहे, आता दहावीच्या पुस्तकात अपवर्तन. मला स्वतःला प्रणमन फार आवडतो, किरण झुकतो हे त्यात नेमकं आलं आहे. पण तो बोलण्यात रुजला नाही. वक्रीभवनात किरण धनुष्यासारखा वाकत जातो असं वाटतं. प्रत्यक्षात तो हवा आणि पाणी यांच्या सीमेवरच दिशा बदलतो आणि पुढे सरळ जातो. अपवर्तनाची अडचण एवढीच की परावर्तनाशेजारी ठेवला की मुलं गोंधळतात. त्यांना मी उपसर्ग उलगडून सांगतो : 'परा' म्हणजे मागे, 'अप' म्हणजे बाजूला. एक माघारी फिरणं, दुसरं वाट सोडून वळणं.

* * *

मी ताईंच्या बाजूने आहे. बिंब म्हणजे सूर्याचं किंवा चंद्राचं मंडल. त्याच्यासारखं दुसरं जे दिसतं ते प्रतिबिंब. प्रकाश माघारी आला की आरपार गेला, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. साहित्यात समाजाचं प्रतिबिंब पडतं असं आपण सर्रास म्हणतो, तिथे कुठला आरसा असतो? शास्त्राची परिभाषा शास्त्रापुरती असावी. चालत्या शब्दाला तिने चुकीचं ठरवू नये.

* * *

व्युत्पत्ती मान्य. पण हा शब्द हाताने चूक करवतो, ते पाहिलं आहे म्हणून सांगते. मी हे फोटो काढायला शिकवते. एका मुलीने 'थेंबातील प्रतिबिंब' एवढंच वाचून घरी प्रयोग केला. फूल तिने कॅमेऱ्याच्या बाजूला, थेंबासमोर धरलं, आरशासमोर धरावं तसं. तासभर खटपट करून तिला थेंबावर खिडकीचा एक पांढरा चौकोन तेवढा मिळाला. फूल थेंबाच्या मागे ठेवायचं असतं, हे त्या शब्दातून तिला कसं कळणार?

तो खिडकीचा चौकोन मात्र खरं प्रतिबिंब होता. थेंबाचा पुढचा पृष्ठभाग बहिर्गोल आरशासारखा वागतो, म्हणून त्यात खिडकी लहान आणि सुलटी दिसते. मागच्या फुलासाठी तोच थेंब भिंग होतो आणि फूल उलटं दिसतं. (म्हणूनच आम्ही देठ वर करून फूल टांगतो.) एकाच फोटोत सुलटी खिडकी आणि उलटं फूल असताना दोन्हींना एकच शब्द पुरत नाही.

शिवाय फुलाची ही 'वास्तव प्रतिमा' आहे, म्हणजे किरण खरोखर एकत्र येऊन झालेली. थेंब गोल धरला तर पाण्याच्या अशा भिंगाची नाभी (दुरून आलेले किरण एकत्र येतात तो बिंदू) मध्यापासून त्रिज्येच्या साधारण दुप्पट अंतरावर येते. म्हणजे ३ मिलिमीटरच्या थेंबात दिसणारं फूल खरं तर थेंबाच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला सुमारे दीड मिलिमीटरवर तयार होतं. थेंबाच्या कडेवर फोकस केलात तर फूल धूसर, फुलावर केलात तर कड धूसर. दोन्ही साधायला लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करावं लागतं, नाहीतर वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडावे लागतात. ८ सेंटिमीटरचं जर्बेरा १६ सेंटिमीटर मागे ठेवलं की ते साधारण दीड मिलिमीटरचं होतं, थेंबाच्या निम्मं. पाण्यात ग्लिसरीन घातलंत तर थेंब लवकर सुकत नाही, पण प्रकाश जास्त वळतो आणि फूल आणखी लहान दिसतं.

* * *

लोंबणाऱ्या थेंबाला 'लोलक' म्हटलं तर? झुंबराचे लोलक असतात तसा. 'लोलकातलं फूल'.

* * *

ऐकायला गोड आहे, पण शाळेत लोलक म्हणजे त्रिकोणी काच, सप्तरंगांची. वाचणारा इंद्रधनुष्य शोधत बसेल. 'थेंब' हाच ठेवा.

* * *

अळवाच्या पानावरचा थेंब कुणी टिपला आहे का? तो खालून चांदीसारखा चमकतो. पानावरच्या बारीक, मेणचट लवेमुळे पाणी पानाला पुरतं टेकत नाही, मध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि त्या थरावरून प्रकाश आतल्या आत माघारी फिरतो. ती चमक म्हणजे अस्सल परावर्तन. 'अळवावरचं पाणी' आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो, तेही यामुळेच : पान जरा कललं की थेंब ओघळून जातो, मागे ओलही राहत नाही.

* * *

ताई, दुसरीही एक विनंती. प्रत्येक थेंबाखाली 'दवबिंदू' लिहू नका. हवेतली वाफ गार पानावर जमते ते दव. माझी आजी त्याला दहिवर म्हणायची. पहाटे अळवाच्या किंवा गवताच्या टोकाशी जो टपोरा थेंब असतो, तो बऱ्याचदा पानाने स्वतः बाहेर टाकलेलं पाणी असतो. आणि कासच्या पठारावर दवबिंदू नावाची वनस्पतीच आहे. तिच्या केसांवर चकाकतो तो चिकट द्रव, त्यात कीटक अडकतात. त्याच पठारावरची 'सीतेची आसवं' ही निळी-जांभळी फुलंही कीटकभक्षी. थेंबावरून इतकी हळवी नावं ज्यांना मिळाली, त्या दोन्ही वनस्पती शिकारी, याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. खिडकी आणि फुलाचा मुद्दा वाचून माझे दहाही फोटो पुन्हा उघडले. सहांमध्ये आमच्या गॅलरीचं दार सुलटं दिसतंय. इतके दिवस मी त्याला नुसती चमक समजत होते. तेव्हा 'प्रतिबिंब' त्या दारासाठी ठेवते. फुलासाठी 'प्रतिमा' बरोबर आहे, पण मला त्याहून जवळचा वाटतो 'छबी'. खाली लिहिते आहे : 'थेंबातली छबी : जर्बेरा, पिचकारीने फवारलेलं पाणी'. दव नाही, हेही त्यात आलं. भाच्याला विचारलं, तो म्हणतो चालेल, फक्त पहिल्या फोटोशेजारी किरणांची आकृती तो काढणार.